गोळी, नळी आणि मधली फट

ठासणीच्या बंदुकीत गोळी तोंडातून आत जाते आणि तोंडातूनच बाहेर पडते. आत जाताना तिला शिपायाच्या हाताचे बळ आणि गजाचा रेटा एवढाच आधार असतो. बाहेर पडताना मागे पेटलेली दारू असते. आत सहज सरकायला गोळी नळीपेक्षा थोडी लहान हवी आणि बाहेर येताना तिने नळी पूर्ण भरून टाकायला हवी, नाहीतर दारूचा जोर बाजूच्या फटीतून निसटतो आणि गोळी भरकटते. एकाच शिशाच्या तुकड्याकडून या दोन विरुद्ध गोष्टी करून घेण्यात युरोप-अमेरिकेतल्या कारागिरांची जवळजवळ दोन शतके गेली. आजही हौशी नेमबाज शिशाच्या ओतीव गोळ्या डायमधून दाबून काढतात आणि त्यांचा व्यास नेमका करतात, तेव्हा तेही हेच कोडे सोडवत असतात.

मोजमापाची ओळख आधी करून घेऊ. ही सगळी कथा इंचाच्या हजाराव्या भागात घडते. आपल्याकडच्या लेथ-शॉपमध्ये त्याला ‘थाऊ’ म्हणतात. सुतार-गवंड्यांचे सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, म्हणजे सव्वाशे थाऊ. एक थाऊ म्हणजे 0.0254 मिलिमीटर, माणसाच्या केसापेक्षाही बारीक. ठासणीच्या रायफलीची गोळी नळीला बसते की अडकते, नेम धरते की सोडते, हे एक-दोन थाऊंवर ठरते.

आधी मात्र असा काटेकोरपणा कुणाला नको होता. अठराव्या शतकातल्या ब्रिटिश पायदळाची ‘ब्राऊन बेस’ बंदूक पाऊण इंच व्यासाची होती आणि तिच्यात घालायची गोळी साधारण 0.69 इंचाची. दोन्हींत साठ थाऊंचा, म्हणजे दीड मिलिमीटरचा फरक. नळी आतून गुळगुळीत, गोळी आत खुळखुळणारी. बाहेर पडताना ती नळीच्या ज्या बाजूला शेवटची आपटेल, त्याच्या उलट दिशेला थोडी वळायची. शंभर यार्डांपलीकडे एका माणसावर नेम धरून ती झाडण्यात अर्थ नव्हता. पण त्या काळच्या लढाईला एका माणसावरचा नेम नकोच होता. रांगेत उभ्या शेकडो शिपायांनी एकदम बार काढायचे आणि लगेच पुन्हा भरायचे, ही पद्धत होती. पानिपतावर इब्राहिमखानाच्या गारद्यांची ताकदही याच कवायतीत होती. भरण्याची चपळाई महत्त्वाची, म्हणून फट हवीच.

फट हवी असण्याचे दुसरे कारण दारूत दडले आहे. काळी दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक. ती पूर्ण जळून वायू होत नाही. तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग घनरूपात उरतो. त्यातला काही धूर होऊन जातो, बाकीचा नळीच्या आतल्या बाजूला कडक काजळीचा थर होऊन बसतो. दहा-पंधरा बार झाले की नळी आतून अरुंद झालेली असते. पहिल्या बाराला नेमकी बसणारी गोळी पंधराव्या बाराला अर्ध्यात अडकते. आणि अर्ध्यात अडकलेली गोळी फार धोक्याची, कारण दारू आणि गोळी यांच्यामध्ये मोकळी जागा राहिली तर बार काढताना नळी फुटू शकते.

आता नळीत आटे पाडले की काय होते ते पाहू. आतून मळसूत्रासारखे वळत गेलेले चर गोळीला स्वतःभोवती फिरायला लावतात आणि फिरणारी गोळी हवेत आपली दिशा टिकवते. हे ज्ञान युरोपात सोळाव्या शतकापासून होते. जर्मन शिकारी आणि पुढे अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाचे बंदूककार अशा रायफली बनवत. पण आटे पाडले तरी गोळीने त्यांना धरले पाहिजे. सैल गोळी आट्यांवरून नुसती घसरत जाते. शिकाऱ्यांनी त्यावर चिंधीचा उपाय काढला. गोळी थोडी लहान ओतायची, चरबी किंवा थुंकी लावलेली कापडाची गोल चकती नळीच्या तोंडावर ठेवायची, तिच्यावर गोळी ठेवून दोन्ही एकदम आत सारायची. कापड आट्यांत शिरते, गोळीला पकडते, आणि बार झाल्यावर हवेत गळून पडते. आजही अर्ध्या इंचाच्या, म्हणजे 0.50 च्या रायफलीत 0.490 इंचाची गोळी आणि पंधरा थाऊ जाडीची चिंधी ही जोडी सर्रास वापरतात. हिशेब करून पाहा. चिंधी दोन्ही बाजूंनी असते, म्हणजे 0.490 मध्ये 0.030 मिळवायचे. बेरीज 0.520 होते, नळीपेक्षा वीस थाऊ जास्त. दाबले गेलेले कापड आणि आट्यांचे चर हा जादा भाग सामावून घेतात.

शिकाऱ्याला एका बाराला मिनिट लागले तरी चालते. सैन्याला चालत नाही. 1800 मध्ये ब्रिटनने एझेकिएल बेकरची सात आट्यांची रायफल घेतली, तेव्हा चिंधीतली गोळी आत घालण्यासाठी सुरुवातीला शिपायांना छोटे लाकडी हातोडे दिले होते. 1830 च्या दशकातल्या ब्रन्सविक रायफलीत नळीला दोनच खोल चर होते आणि गोळीभोवती एक उंच पट्टा ओतलेला असे. पट्टा चरांत बसवून गोळी आत ढकलायची. कागदावर ही कल्पना चोख वाटते. नळी काजळली की पट्टा अडायचा. रायफल अचूक आणि गोळी भरणे अवघड, हा तिढा तसाच राहिला.

सुटकेची वाट ज्या कल्पनेने दाखवली तिचे एक मूळ आपल्या देशात आहे. ब्रिटिश सैन्यातले कॅप्टन जॉन नॉर्टन यांनी दक्षिण भारतात फुंकनळीने बाण मारणारी माणसे पाहिली. बाणाच्या बुडाला कमळाच्या देठातला मऊ, लवचिक गर लावलेला असे. फुंकर बसली की तो गर फुगून नळीच्या भिंतीला चिकटतो आणि हवा बाजूने निसटत नाही. नॉर्टननी त्यावरून 1820 च्या दशकात बुडाशी पोकळ असलेली लांबट गोळी सुचवली. दारूचा दाब पोकळीत शिरला की शिशाचा काठ फुगावा आणि आट्यांत रुतावा, म्हणजे भरताना लहान असलेली गोळी बार होताना मोठी होईल. सैन्याने ती नाकारली. 1835 मध्ये विल्यम ग्रीनर या बंदूककाराची गोळीही नाकारली गेली. तिच्या बुडात निमुळते भोक आणि त्यात धातूची खुंटी होती, दाबाने खुंटी आत शिरली की गोळी फुगे. दोन तुकड्यांची गोळी सैन्याला नको होती. मला हा निर्णय त्या काळच्या अधिकाऱ्यांच्या कल्पनाशून्यतेचा पुरावा वाटतो, कारण ज्या दोन तुकड्यांमुळे ग्रीनरना घरी पाठवले, तेच दोन तुकडे पुढे परदेशी माणसाकडून मोठ्या किमतीला विकत घेतले गेले.

तो परदेशी माणूस म्हणजे फ्रेंच अधिकारी क्लोद एत्येन मिनिये. त्यांच्या आधी देल्विन्य आणि थुव्हनँ या फ्रेंचांनी वेगळी वाट धरली होती. गोळी सहज आत सोडायची आणि तळाशी पोचल्यावर गजाने ठोकून पसरवायची. देल्विन्यच्या नळीत तळाशी एक कडा असे, थुव्हनँच्या नळीत मधोमध एक पोलादी खुंट. दोन्हींत गोळी ठोकताना बिघडायची आणि प्रत्येक शिपाई वेगळ्या जोराने ठोकायचा. मिनियेंनी 1849 मध्ये ठोकण्याचे काम दारूवर सोपवले. त्यांच्या निमुळत्या गोळीच्या पोकळ बुडात लोखंडी पत्र्याची छोटी वाटी होती, ती दाबाने पुढे सरकून गोळी फुगवायची. ब्रिटनने 1851 मध्ये ही रायफल घेतली, मिनियेंना वीस हजार पौंड दिले, आणि 1857 मध्ये मूळ तत्त्व आधी मांडल्याबद्दल ग्रीनरना एक हजार पौंड दिले.

वाटीची रचना पूर्ण निर्दोष नव्हती. कधी वाटी गोळीला भोक पाडून एकटीच पुढे निघून जायची आणि शिशाचे कडे नळीत मागे राहायचे. तिची गरजच नाही हे अमेरिकेत हार्पर्स फेरीच्या शस्त्र कारखान्यातल्या जेम्स बर्टन यांनी दाखवले. पोकळी थोडी खोल आणि काठ थोडा पातळ केला की नुसत्या वायूच्या दाबाने काठ फुगतो. वाटी गेली, खुंटी गेली, उरला एकच शिशाचा तुकडा. माझ्या मते या सगळ्या मालिकेतले खरे श्रेय बर्टन यांचे आहे. जगाने मात्र गोळीला मिनियेंचे नाव दिले. 1855 मध्ये अमेरिकेचे युद्धमंत्री जेफरसन डेव्हिस यांनी 0.58 इंच व्यासाची रायफल आणि तिची ही गोळी मंजूर केली. सहा वर्षांनी तेच डेव्हिस फुटून निघालेल्या दक्षिणेकडच्या राज्यांचे अध्यक्ष झाले आणि यादवी युद्धात दोन्ही बाजूंनी हीच गोळी चालली. मऊ शिशाचा बत्तीस ग्रॅमचा हा गोळा हाडाला लागला की हाडाचा चुरा करायचा. त्या युद्धात शल्यचिकित्सकांना एवढे हातपाय कापावे लागले, त्यामागे या गोळीचा मोठा वाटा आहे. तिच्या तंत्राचे कौतुक करताना हे विसरता कामा नये.

0.58 च्या नळीसाठी या गोळीचा ठरवलेला व्यास 0.5775 इंच होता. अडीच थाऊंची फट, 0.06 मिलिमीटर. ब्राऊन बेसच्या साठ थाऊंशी ताडून पाहा.

ब्रिटिशांची 1853 ची एनफिल्ड रायफल थोड्या वेगळ्या वाटेने गेली, आणि ती वाट थेट आपल्या इतिहासात येते. एनफिल्डची नळी 0.577 इंचाची, 39 इंच लांब, तीन आट्यांची. आटे 78 इंचांत एक वळसा घेत, म्हणजे गोळी तोंडाशी येईपर्यंत अर्धा फेरा घेई. तिची गोळी 0.568 इंचाची, बाहेरून गुळगुळीत, वंगणासाठी खाचा नसलेली, पुढे पुढे बुडात लाकडी बूच बसवलेली. नऊ थाऊंची फट भरायला काडतुसाचा कागद होता. काडतूस म्हणजे कागदाची सुरळी. एका टोकाला दारू, दुसऱ्या टोकाला कागदात गुंडाळलेली गोळी. दारूचे टोक दाताने फाडायचे, दारू नळीत ओतायची, सुरळी उलटी करून गोळीचे टोक कागदासकट नळीच्या तोंडात घालायचे आणि उरलेला कागद फाडून टाकायचा. गोळीभोवतीचा कागद हाच तिचा अंगरखा आणि त्याला लावलेली चरबी हेच तिचे वंगण. कागद आणि चरबी काढून टाकली तर ही गोळी एनफिल्डच्या मापाची राहतच नाही.

ही चरबी कोणत्या जनावराची, यावर कंपनीच्या लष्करी खात्याने वेळेवर पुरेसे लक्ष दिले नाही. जानेवारी 1857 मध्ये कलकत्त्याजवळच्या डमडम छावणीत गाय आणि डुकराच्या चरबीची बातमी पसरली. सरकारने शिपायांना आपापले तेल-मेण लावायची मुभा दिली, दाताऐवजी हाताने फाडायची कवायत काढली. तोवर संशय चरबीवरून कागदाच्या तकाकीवर सरकला होता. फेब्रुवारीत बहरामपूर (बंगाल) येथे 19 व्या पलटणीने काडतुसे नाकारली, 29 मार्चला बराकपूरला मंगल पांडे उभे राहिले, आणि 10 मे रोजी मेरठ पेटले. मेरठच्या घोडदळातल्या ज्या 85 जणांना बेड्या घातल्या, त्यांच्यापुढे ठेवलेली काडतुसे एनफिल्डची नव्हती, जुन्या नमुन्याची होती. अविश्वास इतका पुढे गेला होता. उठावाची कारणे राज्ये खालसा करण्यापासून शिपायांच्या भत्त्यांपर्यंत अनेक आहेत, आणि काडतुसाने उठाव घडवला असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. पण ठिणगी ज्या वस्तूची होती, ती वस्तू गोळी आणि नळी यांच्यातल्या नऊ थाऊंच्या फटीसाठी जन्माला आली होती. काडतुसांची ही वार्ता महूच्या वाटेवर ऐकल्याचे वर्णन वरसईच्या विष्णुभट गोडशांनी ‘माझा प्रवास’मध्ये केले आहे, ते मराठी वाचकाला ठाऊक असेलच.

याच युद्धात एनफिल्डचा तांत्रिक दोषही उघडा पडला. उत्तर हिंदुस्थानच्या उन्हात चरबी वितळून कागदात जिरायची, गोळीभोवती वंगण उरायचे नाही, काजळी कडक व्हायची आणि गोळी अडायची. ब्रिटिश सैनिकांनाच भर लढाईत रायफल भरता येईना. शेवटी गोळीचा व्यास 0.568 वरून 0.550 इंचावर आणला आणि चरबी काढून मेणाचे वंगण आले. फट नऊ थाऊंवरून सत्तावीस थाऊंवर गेली. एवढी मोठी फट भरून काढायचे काम बुडातल्या बुचाने केले. बूच दाबाने आत घुसून काठ जोराने फाकवायचे. नेम बिघडला नाही आणि भरणे सोपे झाले. गोळीचे माप बदलून सैन्याने सोडवलेला हा बहुधा सर्वांत प्रसिद्ध प्रश्न आहे.

आता शिशाकडे वळू, कारण सगळा खेळ त्याच्या स्वभावावर उभा आहे. शिसे 327 अंश सेल्सिअसला वितळते, लाकडाच्या विस्तवावरही. ते जड असते, पाण्याच्या 11.3 पट. आणि शुद्ध असेल तर इतके मऊ की नखाने ओरखडा उठतो. पोकळ बुडाच्या गोळीला हा मऊपणाच हवा. शिशात थोडे अँटिमनी किंवा कथील मिसळले की ते कडक होते. मोटारीच्या चाकाला लावायच्या जुन्या वजनांचे शिसे शुद्ध शिशाच्या दुपटीहून अधिक कडक भरते. त्याची मिनिये गोळी ओतली तर काठ फुगत नाही, वायू बाजूने निसटतो आणि गोळी शंभर यार्डांवर आडवी होऊन निशाणावर लांबट भोक पाडते. नेमबाज असे भोक पाहिले की आधी शिसे तपासतात.

मिश्रणाचा परिणाम मापावरही होतो. शिसे थंड होताना आकसते, आणि शुद्ध शिसे मिश्रणापेक्षा थोडे जास्त आकसते. म्हणून एकाच साच्यातून शुद्ध शिशाची गोळी थोडी लहान आणि मिश्र शिशाची थोडी मोठी निघते. साचा किती तापला आहे, शिसे किती तापले आहे, साच्याचे दोन भाग घट्ट मिटले आहेत की मध्ये शिशाचा कण अडकला आहे, यावरही थाऊ-दोन थाऊ इकडेतिकडे होतात. साच्यावर 0.578 कोरलेले असले तरी गोळी 0.578 निघेलच असे नाही, आणि ती पूर्ण गोल असेल असेही नाही. साच्याचे दोन भाग जिथे मिळतात तिथला व्यास आणि त्याच्या काटकोनातला व्यास बहुधा वेगळे येतात. म्हणून ओतलेली गोळी जशीच्या तशी न वापरता तिला नेमक्या मापात आणावे लागते.

पण नेमके माप कोणते, हे नळीला विचारल्याशिवाय कळत नाही. 0.577 किंवा 0.58 हे कारखान्याने दिलेले नाव. दीडशे वर्षांची जुनी नळी असो की आजची नवी प्रतिकृती, प्रत्यक्ष व्यास त्याहून कमी-जास्त असतो. इथे तीन आट्यांची एक अडचण येते. आट्यांच्या चरांमधल्या उंच भागांना कंगोरे म्हणू. मिनिये गोळीला समोरासमोरच्या कंगोऱ्यांमधले अंतर हवे असते. पण तीन चर आणि तीन कंगोरे असले की एका कंगोऱ्यासमोर दुसरा कंगोरा येत नाही, चर येतो. व्हर्नियर किंवा मायक्रोमीटर समोरासमोरचे दोन बिंदू मोजतात, त्यामुळे एनफिल्ड किंवा अमेरिकेच्या 0.58 च्या स्प्रिंगफील्ड रायफलीच्या नळीतून काढलेला शिशाचा ठसा त्यांनी मोजला तर आकडा फसवा येतो. जाणकार म्हणून पोलादी पिन-गेज वापरतात. नेमक्या व्यासाचे हे दंडगोल एकेका थाऊच्या फरकाने मिळतात. स्वच्छ नळीच्या तोंडात जाणारा सर्वांत मोठा दंडगोल म्हणजे कंगोऱ्यांचा व्यास. अनेक नेमबाज हा टप्पा गाळतात आणि साचे बदलत बसतात. माझे मत असे की गेजवर केलेला खर्च साच्यावरच्या खर्चाआधी यावा.

माप कळले की नियम सोपा. मिनिये गोळी कंगोऱ्यांच्या व्यासापेक्षा एक ते दोन थाऊ लहान. नळी 0.580 असेल तर गोळी 0.578 किंवा 0.579. साच्यातून ती 0.580 किंवा 0.581 निघत असेल तर सायझिंग डाय वापरतात. हा एक पोलादी ठोकळा, त्याला आरपार नेमक्या व्यासाचे, आतून आरशासारखे घासलेले भोक. भोकाच्या तोंडाला उतार असतो, म्हणजे गोळी हळूहळू दाबली जाते, खरवडली जात नाही. गोळीला वंगणाचा पातळ हात द्यायचा, दट्ट्याने तिला भोकातून एका दमात पलीकडे ढकलायचे. बाहेर येते ती गोल आणि मापाची. शुद्ध शिसे स्प्रिंगसारखे परत फुलत नाही, त्यामुळे डायचे भोक 0.578 असेल तर गोळीही 0.578 येते.

काळजी घ्यायची ती बुडाच्या काठाची. गोळीला दिशा देणारा भाग हाच. दट्ट्या नीट बसला नाही आणि काठ एका बाजूला वाकला, तर बार होताना वायू एका बाजूने आधी निसटतो आणि गोळीला वाकडा धक्का बसतो. टोकाला पडलेला छोटा पोचा बुडाच्या पोच्यापेक्षा कितीतरी कमी नुकसान करतो. म्हणून ओतल्या ओतल्या गोळ्या मऊ कापडावर टाकतात आणि एकेक बूड उजेडात पाहतात. साच्यातली पोकळी पाडणारी खुंटी पुरेशी तापलेली नसेल तर काठावर सुरकुत्या येतात. त्या गोळ्या डायमध्ये घालू नयेत, पुन्हा भांड्यात टाकाव्यात. आत हवेचा फुगा राहिलेली गोळी डोळ्यांना दिसत नाही, ती वजनकाट्यावर पकडली जाते.

डाय किती दाबू शकते यालाही मर्यादा आहे. दोन-तीन थाऊंपर्यंत ठीक. सात-आठ थाऊ उतरवायला गेले की वंगणाचे चर बुजतात, गोळी लांबते, आणि काठ आत वळतो. तेवढा फरक असेल तर साचाच बदलायला हवा. उलट गोळी साच्यातून लहान निघत असेल तर डाय काहीच करू शकत नाही, कारण डाय फक्त कमी करते. अशा वेळी काही जण साच्याच्या दोन भागांच्या मध्ये, कडेला, उष्णता सोसणारी पातळ धातूची पट्टी चिकटवतात. साचा केसभर उघडा राहतो आणि गोळी थोडी मोठी निघते. ती थोडी लंबगोल होते, मग तिला डायमधून काढून गोल करतात. म्हणजे आधी मोठी करायची आणि मग नेमकी करायची. ही युक्ती मला फार आवडते, कारण तिच्यात साचा आणि डाय एकमेकांची उणीव भरून काढतात.

मापात आलेल्या गोळीच्या चरांत मग मेण आणि चरबीचे मिश्रण भरतात. त्यात खनिज तेलाचे ग्रीस नको, काळ्या दारूबरोबर त्याचा डांबरासारखा चिकट थर होतो. शेवटी परीक्षा एकच. स्वच्छ नळीच्या तोंडात गोळी अंगठ्याने आत जावी आणि गजाच्या हलक्या रेट्याने तळापर्यंत सरकावी. हातोडा लागला तर मोठी. नळी खाली करताच गोळी घरंगळून आली तर लहान.

कागदाचा मार्गही पूर्ण बंद झाला नाही. जोसेफ व्हिटवर्थ यांनी षटकोनी नळीची 0.451 इंचाची रायफल केली. 2 जुलै 1860 रोजी विम्बल्डनच्या मैदानावर राणी व्हिक्टोरियाने ठेवणीवर बसवलेल्या व्हिटवर्थ रायफलीची दोरी ओढून 400 यार्डांवर निशाणाच्या अगदी मध्याजवळ गोळी मारली. त्या काळच्या 0.451 च्या स्पर्धेच्या रायफलींत गोळीला पातळ कागदाचे दोन वेढे देत. कागद दोन थाऊंचा असेल तर दोन वेढ्यांनी व्यास आठ थाऊंनी वाढतो, कारण दोन्ही बाजूंना दोन-दोन थर येतात. कागद थोडा जाड किंवा पातळ निवडून माप साधता येते.

शिशाची वाफ आणि धूळ विषारी असते, लहान मुलांना विशेषतः. ओतकाम उघड्या हवेत, हातमोजे आणि चष्मा घालून करतात, आणि काम संपल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय अन्नाला शिवत नाहीत. वितळलेल्या शिशात पाण्याचा एक थेंब पडला तर त्याची क्षणात वाफ होते आणि शिसे उसळून बाहेर फेकले जाते. मोटारीच्या बॅटरीतले शिसे तर वापरूच नये, त्यातल्या इतर धातूंमुळे वितळवताना विषारी वायू निघू शकतात.

आपल्याकडे, कोकणात विशेषतः, ठासणीची बंदूक आजही पाहायला मिळते ती शेती राखणीच्या परवान्यावर. रानडुकरांपासून पीक वाचवण्यासाठी 1959 च्या शस्त्र कायद्यात तिची तरतूद आहे. पण त्या बंदुकांच्या नळ्या गुळगुळीत असतात, त्यांना आटे नसतात, त्यामुळे थाऊंचा हा काटेकोर हिशेब तिथे लागू पडत नाही. आणि बंदूक असो की तिचा दारूगोळा, परवान्याबाहेर काहीही बनवणे आपल्या देशात गुन्हा आहे.

हा हिशेब आज जिवंत आहे तो स्पर्धांच्या मैदानावर. अमेरिकेत 1950 मध्ये स्थापन झालेली नॉर्थ-साऊथ स्कर्मिश असोसिएशन व्हर्जिनियातल्या विंचेस्टरजवळ आपल्या मैदानावर यादवी युद्धाच्या काळातल्या रायफलींच्या स्पर्धा भरवते. ठासणीच्या बंदुकांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांमध्ये मिनिये आणि व्हिटवर्थ यांच्या नावांचे स्वतंत्र प्रकार आहेत.

ठासणी मागे पडली तरी ही फट लगेच गेली नाही. 1866 मध्ये ब्रिटनने एनफिल्डची नळी मागच्या बाजूने कापून तिथे झडप बसवली आणि स्नायडर रायफल तयार झाली. गोळी आता मागून भरता येत होती, म्हणजे ती नळीएवढी किंवा थोडी मोठीही चालली असती. तरीही स्नायडरची गोळी 0.573 इंचाचीच ठेवली, नळीपेक्षा चार थाऊ लहान, बुडाशी पोकळ आणि त्यात भाजलेल्या मातीचे बूच असलेली. एखाद्या संग्रहालयात जुनी लष्करी रायफल दिसली, तर दस्त्यावरच्या नक्षीआधी तिच्या नळीच्या तोंडात डोकावून पाहा. आत तीन आटे दिसले तर ती बहुधा याच घराण्यातली आहे.